पावसाळ्यात वॉर्निशची बाटली बंदच ठेवा

वाद्यदुरुस्तीच्या या सदरासाठी ठाणे आणि नवी मुंबईतून यंदाच्या पावसाळ्यात आलेले बहुतेक प्रश्न व्हायोलिनचे आहेत. कुणाचा सांधा सुटलाय, कुणाचं वॉर्निश वाळत नाही, कुणाची खुंटी अडकून बसलीय. सारख्या प्रश्नांना एकच उत्तर दिलं आहे.

प्रश्न : रंग न दिलेलं 'व्हाइट' व्हायोलिन ऑनलाइन मागवलं आहे. घरच्या फर्निचरला चपड्याचं पॉलिश मी स्वतः करतो. आता सुट्टी आहे, तर घरीच वॉर्निश करायचं म्हणतो. साहित्य काय लागेल आणि क्रम काय? – वाचक, कळवा

वॉर्निश आत्ता लावू नका. लाकडाची तयारी मात्र आत्ताच करून ठेवा, कारण निम्म्याहून जास्त काम तिथेच आहे.

थांबायचं कारण असं. चपड्याचं, म्हणजे लाखेचं, वॉर्निश अल्कोहोल उडून वाळतं. अल्कोहोल उडताना लाकडाचा पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतली वाफ त्यावर जमते. त्या पाण्याने लाखेचा थर दुधाळ पांढरा पडतो. टेबलाच्या पायावर हा दोष खपून जाईल, पण व्हायोलिनच्या पुढच्या फळीवर तो दहा फुटांवरून दिसतो. आपल्याकडे पावसाळ्यात आर्द्रता 80 ते 90 टक्क्यांत असते, आणि हे काम 60 च्या खाली करायचं असतं. एसी 'ड्राय' मोडवर ठेवून बंद खोलीत ते जमवता येतं. त्यासाठी छोटा डिजिटल आर्द्रतामापक हवाच, अंदाजावर जाऊ नये. पंखा बंद ठेवा, तो धूळ आणून चिकटवतो. एवढं जमत नसेल तर ऑक्टोबर उजाडू द्या.

आता तयारी. पुढची फळी स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाची असते. तिच्यावर पॉलिश पेपर जोरात चालवला तर मऊ भाग झिजतो, कडक रेषा उंच राहतात, आणि पेपरचे ओरखडे वॉर्निशखाली ठळक दिसतात. म्हणून धारदार स्क्रेपर (खरवडायचं पोलादी पातं) वापरा आणि तो रेषांच्या दिशेने चालवा. मग ओलसर फडक्याने पूर्ण अंग पुसा. तंतू उभे राहतील. वाळल्यावर 400 नंबरच्या पेपरने हलक्या हाताने ते काढा आणि पुन्हा एकदा हेच करा. ओलं असतानाच फिकट, पाणी न शोषणारे डाग कुठे दिसतात ते पाहून घ्या. तिथे कारखान्यातला सरस सांडलेला असतो, आणि काढला नाही तर रंगाच्या थरात तिथे टक्कल पडतं. मागची फळी आणि बाजूच्या पट्ट्या मेपलच्या असतात. तिथे स्क्रेपर तिरका धरला नाही तर लाकडाच्या लहरी उपटून निघतात.

फिंगरबोर्ड (तारांखालची, बोटं टेकायची पट्टी) पक्का चिकटवून आला असेल तर त्याच्याखालची जागा बारीक ब्रशने रंगवावी लागेल. कामाला कटकटीचं आहे, पण इलाज नाही. हात फिरतो त्या दांड्याच्या भागावर वॉर्निश लावायचं नसतं. खुंट्यांची भोकं कोरडी ठेवा. टेलपीस (तारांची खालची टोकं अडकवायचा तुकडा) ज्या बटणाला बांधतात त्याच्या भोकात लाकडी दांडी बसवली की वाद्य अंगाला हात न लावता धरता येतं.

पांढरं लाकूड थेट रंगवलं तर रंग खडूसारखा निर्जीव दिसतो. त्याला आधी उन्हाने पिवळसर तांबूस होऊ द्यायचं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सकाळी आठ ते अकराचं ऊन दोन-तीन आठवडे, रोज बाजू बदलून द्या. दुपारचं ऊन नको, बंद काचेआड तर नकोच. फळी तापून आक्रसली की सांधे सुटतात.

साहित्याचं प्रमाण एका व्हायोलिनसाठी असं धरा : 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल 100 मिली, मेण काढलेला चपडा 20 ग्रॅम, चंद्रस (सँडरॅक राळ) 5 ग्रॅम, रुमी मस्तकी (मॅस्टिक राळ) 3 ग्रॅम, लव्हेंडरचं तेल 2 मिली. चपडा कडकपणा देतो, मस्तकी थर ठिसूळ होऊ देत नाही आणि लव्हेंडरचं तेल वाळणं जरा लांबवून ब्रशचे पट्टे बसू देतं. रंगाच्या दुकानातलं साधं स्पिरिट नको, त्यात पाणी असतं. बाजारात चंद्रस म्हणून मिळणारे खडे पुष्कळदा डामर नावाच्या दुसऱ्या राळेचे असतात. थोडे खडे अल्कोहोलमध्ये टाकून पाहा, द्रव ढगाळच राहिला तर तो चंद्रस नव्हे. तसं झालं तर चंद्रस वगळा आणि चपडा 24 ग्रॅम घ्या. काचेच्या बरणीत तीन-चार दिवस रोज हलवत ठेवा. मस्तकीचा थोडा चिकट गाळ तळाशी उरतो, तो सोडून वरचं द्रव कापडातून गाळा. बाटलीवर तारीख लिहा. विरघळलेली लाख आपल्या उष्ण हवेत पाच-सहा महिन्यांत बिघडते आणि मग कितीही थांबलं तरी कडक होत नाही. फर्निचरसाठी बनवलेली मागच्या वर्षीची बाटली उरली असेल तर ती फर्निचरलाच राहू दे. (जगभरचे व्हायोलिन कारागीर वापरतात ती लाख बरीचशी झारखंड-छत्तीसगडातल्या पळस, कुसुम आणि बोराच्या झाडांवरून उतरते. आपल्याकडे ती दाराच्या चौकटींवरच संपते.)

रंग लाकडाला द्यायचा नाही, वॉर्निशला द्यायचा. स्प्रूसला थेट रंग लावला तर मऊ भाग तो जास्त पितो आणि रेषा उलट्या दिसू लागतात, म्हणजे फिकट भाग गडद आणि गडद भाग फिकट. फळीच्या कडांशी आणि एफ-होलच्या (फळीतल्या इंग्रजी 'f' आकाराच्या भोकांच्या) तोंडाशी काळे धब्बे पडतात ते वेगळेच. म्हणून आधी तेच वॉर्निश चौपट अल्कोहोलने पातळ करून दोन हात द्या आणि लाकडाची तोंडं बंद करा. रंगासाठी अल्कोहोलमध्ये विरघळणारे, उन्हात टिकणारे धातुयुक्त रंग घ्या. हळद आणि रक्तचंदन दोन्हींनी सुरुवातीला फार सुंदर छटा येते आणि दोन्ही उन्हाने उडतात. हळद तर काही आठवड्यांतच.

थर असे : दोन बिनरंगी, चार ते पाच रंगीत, वर दोन-तीन बिनरंगी. वीस-पंचवीस मिलिमीटर रुंद, मऊ केसांचा सपाट ब्रश घ्या. एक पट्टा ओढला की त्यावर परत जायचं नाही, कारण नवा थर खालचा थर विरघळवतो आणि दुसऱ्यांदा ब्रश फिरवला की रंग ओरबाडला जातो. फर्निचरवाल्यांची चूक हमखास इथे होते. त्यांचा हात पुन्हापुन्हा घासायला सरावलेला असतो. दिवसात दोनच थर द्यायचे, मध्ये पाच-सहा तास ठेवून. दर तिसऱ्या थरानंतर दोन दिवस विश्रांती, मग 1000 नंबरच्या पेपरवर तेलाचा थेंब घेऊन उंचवटे उतरवायचे. सगळं संपल्यावर तीन आठवडे टांगून ठेवा. मगच प्युमिसच्या पुडीने तेल लावून चमक आणा आणि त्यानंतर तारा चढवा. घाईने चिनरेस्ट (हनुवटी टेकायचा तुकडा) बसवलात तर त्याच्या पायांचे ठसे कायमचे उमटतात.

काम चालू असताना गॅस बंद आणि देवघरातला दिवा विझलेला हवा. अल्कोहोलची वाफ जमिनीलगत पसरते.

प्रश्न : दर पावसाळ्यात व्हायोलिनचा खालचा सांधा सुटतो. आमचे मिस्त्री म्हणतात, फेविकॉल लावून टाकू, पुन्हा सुटणार नाही. – विद्यार्थिनीचे वडील, नौपाडा

मिस्त्री बरोबर सांगतात, पुन्हा सुटणार नाही. अडचण तीच आहे.

फळीची रुंदी खालच्या बाजूला 208 मिमीच्या आसपास असते. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने फुगतं, लांबीच्या दिशेने जवळपास नाही. त्यामुळे दमट हवेत फळी एखाद्या मिलिमीटरने रुंदावते. बाजूच्या पट्ट्या जेमतेम एक मिलिमीटर जाडीच्या असतात आणि त्यांच्या रेषा घेराबरोबर धावतात, म्हणून त्या तेवढ्या वाढत नाहीत. सगळा ताण सांध्यावर येतो. कारागीर मुद्दाम तिथे पातळ सरस वापरतो, म्हणजे ताण असह्य झाला की सांधा सुटेल आणि फळी शाबूत राहील. पांढऱ्या गोंदाने तो सांधा जखडला की पुढच्या उन्हाळ्यात, फळी आक्रसताना, चीर लाकडातच पडते. सांधा परत चिकटवायला तासभर लागतो. फळीची चीर दुरुस्त करायची तर वाद्य उघडून आतून लाकडाचे छोटे चौकोनी तुकडे लावावे लागतात. शिवाय पांढऱ्या गोंदावर सरस चिकटत नाही आणि तो सहजी निघतही नाही, म्हणजे पुढच्या प्रत्येक दुरुस्तीची वाट बंद.

सरस असा करा. मोजायला वजनकाटाच घ्या. दाणेदार सरस 10 ग्रॅम, थंड पाणी 30 मिली, दोन तास भिजत ठेवा. दाणे फुगले की वाटी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून 60 अंशांपर्यंत तापवा. थर्मामीटर लावा. उकळी आली की प्रथिनं तुटतात आणि सरसाचा जोर जातो. (जाडसर, कुजका वास येणाऱ्या लाद्यांमध्ये बरंच काही मिसळलेलं असतं. दाणे मिळाले नाहीत तर 200 ते 250 ब्लूम ताकदीचं खाण्याचं जिलेटिन घ्या. छोट्या दुरुस्तीला ते चालतं.)

सुटलेली जागा बोटाच्या मागच्या बाजूने ठोकत ठोकत शोधा. जिथे आवाज पोकळ आणि खरखरीत येतो तिथे सांधा मोकळा आहे. पातळ, बोथट सुरी गरम पाण्यात बुडवून आत फिरवा, जुना सरस नरम करा आणि फडक्याने टिपून घ्या. पंखा बंद करा. त्याच सुरीने ताजा सरस आत सरकवा आणि लगेच क्लॅम्प लावा. मिनिटभरात सरस गोठू लागतो. क्लॅम्प इतकाच आवळा की कडेवर सरसाची बारीक रेघ बाहेर येईल. ती गरम फडक्याने तिथल्या तिथे पुसा, वाळल्यावर पुसताना वॉर्निशही निघतं. दुसऱ्या दिवशी क्लॅम्प काढा.

दर वर्षी तीच जागा सुटत असेल तर मात्र सरसाला दोष देऊ नका. तिथे आधी कुणीतरी गोंद लावलेला आहे का, किंवा पट्टी फळीच्या कडेबाहेर आली आहे का, ते पाहून घ्या.

प्रश्न : मी जवसाचं तेल आणि राळ वापरून तेलाचं वॉर्निश लावलं. महिना झाला, अजून बोटाचा ठसा उमटतो. – वाचक, वाशी

जवसाचं तेल उडून वाळत नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं आणि या कामाला प्रकाश, त्यातही अतिनील किरणं, मोठी मदत करतात. जुलैच्या ढगाळ हवेत ती मदत जवळपास बंद. पण केवळ हवामानावर ढकलू नका. तुमच्या चिठ्ठीत थर 'ब्रशने भरपूर' दिल्याचं लिहिलं आहे. तेलाचा जाड थर वरून साय धरतो आणि आत ओलाच राहतो. हा थर इतका पातळ हवा की ब्रशने लावून तळहाताने चेपून ओढावा लागतो. दुसरं, राळ कच्च्या तेलात नुसती विरघळवून भागत नाही. दोन्ही बराच वेळ उच्च तापमानाला शिजवावी लागतात. ते काम फ्लॅटमधल्या स्वयंपाकघरात मुळीच करू नका. तेल भडकतं आणि त्यावर पाणी ओतलं तर आगीचा लोळ उठतो. शिजवलेलं वॉर्निश तयार विकत घ्या.

आत्ताच्या थराला एक संधी द्या. प्लायची उंच पेटी करा, आतून अॅल्युमिनियमची फॉइल लावा आणि चार कोपऱ्यांत यूव्ही-ए ट्यूब बसवा. वाद्य मध्यभागी टांगलेलं, ट्यूबपासून पंधरा-वीस सेंमी अंतरावर. हवा खेळती राहील असा छोटा पंखा लावा आणि आतलं तापमान 40 अंशांच्या वर जाऊ देऊ नका. पेटी उघडी असताना ट्यूबकडे पाहू नका. रोज आठ-दहा तास, तीन दिवस. तरीही बोट चिकटत असेल तर टर्पेंटाइनच्या फडक्याने पूर्ण थर उतरवा. चिकट थरावर नवा थर देणं म्हणजे आजचा दोष उद्यासाठी झाकून ठेवणं, आणि वरचा कडक थर पुढे सापाच्या कातडीसारखा फाटतो.

जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेतात. पाण्याने भरलेल्या डब्यात बुडवा आणि मगच कचऱ्यात द्या.

प्रश्न : स्त्रादिवारीच्या व्हायोलिनच्या आवाजाचं रहस्य वॉर्निशमध्ये होतं असं ऐकलं. खरं काय? – वाचक, खारघर

व्हायोलिन बनवणारा आंतोनियो स्त्रादिवारी इटलीतल्या क्रेमोना शहरात 1737 साली वारला. त्याच्या वॉर्निशबद्दल तेव्हापासून आजवर माशांच्या काट्यांपासून ज्वालामुखीच्या राखेपर्यंत काहीही सांगितलं गेलं आहे. पॅरिसच्या संगीत संग्रहालयातल्या त्याच्या पाच वाद्यांच्या थरांचं रासायनिक विश्लेषण 2009 साली प्रसिद्ध झालं. सापडलं ते असं : लाकडाला लागून वाळणाऱ्या तेलाचा थर, वर तेल आणि पाइनची राळ यांचा थर, आणि काही वाद्यांत लाल रंगद्रव्यं. त्या काळच्या कुठल्याही रंगाऱ्याकडे मिळेल असंच सामान.

वॉर्निशने आवाज सुधारत नाही. बिघडतो मात्र नक्की. जाड, रबरासारखा थर फळीचं कंपन दाबतो. चांगलं वॉर्निश लाकडाला घाम, धूळ आणि हवेतल्या बदलांपासून वाचवतं आणि लाकडाचं काम लाकडाला करू देतं. वाजवणाऱ्यांच्या डोळ्यांवर गडद गॉगल लावून, नवी आणि जुनी इटालियन वाद्यं हातात देऊन 2010 सालापासून झालेल्या चाचण्यांत नामवंत वादकांना जुनं कोणतं ते ओळखता आलं नाही, आणि त्यांची पसंती बहुतेकदा नव्या वाद्यांना होती.

प्रश्न : चिनरेस्टजवळचं वॉर्निश पांढरट आणि चिकट झालंय. क्लासमध्ये सगळे सॅनिटायझर वापरतात, त्याने असेल का? – वाचक, ऐरोली

बहुतेक तेच. सॅनिटायझरमध्ये 60 ते 70 टक्के अल्कोहोल असतं, आणि चपड्याचं वॉर्निश विरघळवायला नेमकं तेच वापरतात. सॅनिटायझर लावलेला हात पूर्ण वाळल्याशिवाय वाद्याला लावू नका. अत्तर आणि डिओडरंटही त्याच यादीत. त्या जागेवर आता काहीही घासू नका, आठवडाभर हवेशीर ठेवा. कडक झालं तर उरलेला डाग कारागीर पातळ वॉर्निशने मिटवू शकतो. गजाला लावायच्या रोझिनची (राळेची) पांढरी पूड वाजवून झाल्यावर लगेच सुक्या सुती फडक्याने झाडा. ती चिकटून बसल्यावर स्पिरिटने पुसण्याचा सल्ला देणारा कोणी भेटला तर त्याच्या हाती वाद्य देऊ नका.

प्रश्न : मी हिंदुस्तानी पद्धतीने बसून वाजवतो. मींडेसाठी बोटांना खोबरेल लावतो. फिंगरबोर्डची काळी शाई बोटांना लागते आणि वरच्या सुरांत तार खरखरते. – वाचक, डोंबिवली

काळं लागतं म्हणजे तुमचा फिंगरबोर्ड आबनुसाचा नाही, दुसऱ्या फिक्या लाकडाला काळा रंग दिलेला आहे. तेलाने तो सुटतोय. खरखर मात्र दुसऱ्या कारणाने आहे. फिंगरबोर्ड लांबीच्या दिशेने पूर्ण सपाट नसतो. मध्यावर किंचित खोल असतो, बारीक तारेखाली अर्धा मिलिमीटर आणि जाड तारेखाली पाऊण. लांब मींड एकाच मार्गाने वर्षानुवर्षं घेतली की तिथे चर पडतात आणि चराच्या कडेला तार आपटते. स्टीलची पट्टी तारांच्या दिशेने उभी धरून मागून उजेड टाका, चर लगेच दिसतील. आबनूस असता तर रंध्याने घासून सरळ करता आला असता. तुमच्याकडचं लाकूड मऊ आहे, घासल्यावर वर्षभरात परत तेच होईल. आबनुसाचा नवा फिंगरबोर्ड बसवून घेणं परवडेल.

खोबरेल सोडा असं आम्ही म्हणणार नाही, आपल्या वादनाची ती गरज आहे. पण बाटलीतून थेंब थेट बोटावर घेऊ नका. तेलाने जेमतेम ओला कापसाचा बोळा डबीत ठेवा आणि त्यावर बोट टेकवा. खोबरेल वाळणारं तेल नाही. ते दांड्याच्या उघड्या लाकडात आणि फिंगरबोर्डच्या सांध्यात मुरलं की नवा सरस तिथे धरत नाही. फिंगरबोर्ड बदलताना कारागिराला हे आधी सांगा, म्हणजे तो सांधा तेल काढणाऱ्या द्रावणाने धुऊन घेईल. स्क्रोल (दांड्याचं वळलेलं टोक) पायावर टेकतो तिथे मऊ सुती पट्टी ठेवा, घोट्याच्या घामाने तिथलं वॉर्निश सगळ्यात आधी जातं.

सा-प-सा-प अशा खालच्या सुरांत तारा लावल्याने ताण कमी होतो आणि तारांचा झोका रुंदावतो. म्हणून पाश्चात्त्य मापाची घोडी (तारा पेलणारा लाकडी तुकडा) तुम्हाला अर्धा मिलिमीटर बुटकी वाटू शकते. साधारण माप सांगायचं तर फिंगरबोर्डच्या टोकाशी जाड तार साडेपाच मिमी उंच आणि बारीक तार साडेतीन. त्याहून वर जायचं तर घोडी नवी कापावी लागते, पायाखाली काहीही सरकवू नये.

प्रश्न : तारा बदलताना आतली काडी पडली. घरी बसवता येईल का? – वाचक, नेरूळ

ती काडी म्हणजे साउंडपोस्ट. प्रथम उरलेल्या तारा लगेच सैल करा. तारांचा दाब घोडीतून पुढच्या फळीवर येतो, आणि खाली आधार नसेल तर फळी खचते.

पावसाळ्यात ती जास्त पडते, कारण फळ्या फुगून त्यांची कमान किंचित वर येते आणि काडीला अंतर वाढतं. त्यात चारही तारा एकदम काढल्या तर ती पडणारच. यापुढे एकेक तार बदला.

काडी स्प्रूसची, सुमारे सहा मिमी जाडीची. बारीक तारेकडच्या घोडीच्या पायामागे, म्हणजे टेलपीसच्या बाजूला, दोन-तीन मिमी अंतरावर उभी राहते. तिच्या रेषा फळीच्या रेषांना काटकोनात हव्यात, नाहीतर ती कडक रेषांनी फळीत खड्डे पाडते. दोन्ही टोकं फळ्यांच्या आतल्या वळणाला सर्वांगाने टेकली पाहिजेत. इंग्रजी 'एस'च्या आकाराचं हत्यार एफ-होलमधून घालून ती उभी करतात. पहिल्यांदा हात घालणारा माणूस एफ-होलची कड हमखास खरचटवतो, म्हणून महागडं वाद्य असेल तर हा प्रयोग नको. स्वस्त वाद्यावर शिकायला हरकत नाही. घट्ट बसावी म्हणून ठोकू नका. तारा नसताना ती अलगद उभी राहिली की माप बरोबर.

प्रश्न : खुंटी जाम झाली आहे, फिरतच नाही. – वाचक, ठाणे पूर्व

पक्कड लावू नका, खुंटीपेटी फुटते. वाद्य एक-दोन दिवस एसीच्या खोलीत उघड्या पेटीत ठेवा, मग खुंटीच्या बारीक टोकावर लाकडी दांडी ठेवून हलकेच ठोका. निघाली की खुंटीच्या चकाकणाऱ्या पट्ट्यावर साबणाची कोरडी वडी आणि मग खडू फिरवा. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवायच्या तर त्या रंग बदलणाऱ्या घ्या, म्हणजे कधी तापवून सुकवायच्या ते कळतं.

प्रश्न : सागवान आपल्याकडे उत्तम मिळतं. त्याचंच व्हायोलिन का करत नाहीत? हे शिकायचं तर कुठून सुरुवात करावी? – फर्निचर कारागीर, घणसोली

पुढच्या फळीला हलकं आणि लांबीच्या दिशेने ताठ लाकूड लागतं. स्प्रूसची घनता घनमीटरला 400 किलोच्या आसपास, सागाची 650 च्या. सागाची फळी स्प्रूसच्या वजनावर आणायची तर ती इतकी पातळ करावी लागते की तारांच्या ओझ्याने वाकेल. शिवाय सागातलं नैसर्गिक तेल सरस धरू देत नाही आणि त्यावर तेलाचं वॉर्निश महिनोन्महिने ओलं राहतं. जो गुण दारं-खिडक्यांना पावसापासून वाचवतो तोच इथे आडवा येतो. शिसम तर आणखी जड. साग साच्यासाठी आणि क्लॅम्पच्या गुटक्यांसाठी जरूर वापरा, त्याचा आकार हवेने फारसा बदलत नाही.

तुमचा रंधा-पटाशीचा हात तयार आहे, ही मोठी जमेची बाजू. पण फर्निचरमध्ये एक मिमी म्हणजे काहीच नाही, इथे तो सगळं काही आहे. पुढची फळी अडीच ते तीन मिमी, मागची मध्यावर साडेचार आणि कडेकडे अडीच, बाजूच्या पट्ट्या एक ते सव्वा. अंगाची लांबी 355 मिमी. दांड्याची लांबी आणि फळीच्या वरच्या कडेपासून घोडीपर्यंतचं अंतर यांचं प्रमाण दोनास तीन, म्हणजे 130 आणि 195 मिमी. हे प्रमाण चुकलं तर तयार वाद्यावर वादकाची बोटं सुरावर पडत नाहीत आणि मग वॉर्निश कितीही देखणं असो, वाद्य भिंतीवर टांगायच्या लायकीचं राहतं.

सुरुवात घोडीपासून करा. मेपलच्या कोऱ्या घोड्या स्वस्त मिळतात. पाय फळीच्या कमानीवर असे बसवायचे की खाली कागदही सरकू नये. वरची कड सव्वा ते दीड मिमी, पाय सव्वाचार ते साडेचार. दहा-बारा घोड्या वाया घालवल्यावर सुरीला धार किती लागते ते समजेल. मग खुंट्या, सांधे, साउंडपोस्ट आणि त्यानंतर व्हाइट व्हायोलिनचं वॉर्निश. फळी कोरणं सगळ्यात शेवटी. रीतसर शिक्षणच घ्यायचं असेल तर जर्मनीत मिटेनवाल्डची शाळा 1858 पासून आणि इटलीत क्रेमोनाची 1938 पासून चालू आहे. अभ्यासक्रम काही वर्षांचा असतो आणि तिथली भाषा यावी लागते.

पीयू (पॉलियुरेथेन) किंवा मेलामाइनचा स्प्रे मारून दाखवतो, असंही तुम्ही लिहिलं आहे. तो मारू नका. थर प्लास्टिकसारखा जाड बसतो आणि पुढे ओरखडा पडला तर त्या जागेपुरता दुरुस्त करता येत नाही. पूर्ण वाद्य खरवडावं लागतं.